तिसऱ्या महिन्यातही गाठता येईल असा गट

या महिन्यात दारूविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकत्र घेत आहे, कारण तिघांचाही प्रश्न शेवटी एकाच दारापाशी, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटापाशी, येऊन थांबतो. पत्रलेखकांची ओळख कळेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. वय ३९. बेळगावला उद्यमबागेतील एका कारखान्यात लेथवर काम करतो. दोनदा पंढरपूरला जाऊन माळ घातली आणि दोन्ही वेळा ती उतरवून ठेवावी लागली. गेल्या वर्षी दवाखान्यात राहून दारू सोडली. साडेतीन महिने थेंबही घेतला नाही, पण गावच्या महालक्ष्मी यात्रेत पाहुण्यांबरोबर बसलो आणि पुन्हा रोजचे सुरू झाले. आता सकाळी हात थरथरतात. डिस्चार्जच्या कागदावर शेवटच्या ओळीत ‘एए मीटिंगला जावे’ असे लिहिले होते. त्याचा अर्थ मी तेव्हा विचारला नाही आणि कोणी सांगितलाही नाही. ही मीटिंग कुठे असते? तिथे काय करतात? पैसे किती लागतात? ओळखीचे कोणी भेटले तर काय करायचे? आणि माळकरी घरातल्या माणसाला तिथे चालते का?

उत्तर : तुमच्या पत्रातील एका वाक्याचे उत्तर आधी दिले पाहिजे, कारण त्याला थांबता येणार नाही. सकाळी हात थरथरतात, याचा अर्थ शरीराला दारूची सवय झाली आहे आणि रात्रभराच्या खंडानेही ते तक्रार करू लागले आहे. अशा अवस्थेत ‘उद्यापासून बंद’ असे ठरवून घरच्या घरी एकदम दारू तोडू नका. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच घाम, थरथर, निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होणे, नसलेल्या गोष्टी दिसणे, अशी गंभीर अवस्था येऊ शकते, जिच्यात जीवही जातो. हे सगळे औषधांनी टाळता येते. म्हणून पहिली खेप डॉक्टरांकडे. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, मानसोपचार विभाग आहे. कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ योजनेखाली तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत ठरलेल्या मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी भरते, तेव्हा खानापूरला कोणता मंगळवार असतो ते चौकशी करून घ्या. त्याहून मोठ्या उपचारांची गरज पडली, तर धारवाडची डिमहॅन्स ही मानसोपचाराची सरकारी संस्था तुमच्यापासून फार दूर नाही. गट हा या उपचाराला पर्याय नव्हे. औषधांनी शरीर सावरल्यावर पुढचे महिने आणि वर्षे ज्याच्या आधाराने काढायची, तो गट.

आता त्या शेवटच्या ओळीविषयी. ‘मीटिंगला जावे’ एवढेच लिहून रुग्णाला घरी पाठवणे ही आम्हा या क्षेत्रातील लोकांची जुनी चूक आहे, आणि मी स्वतःही सुरुवातीच्या वर्षांत ती केली आहे. गोळी किती वाजता घ्यायची हे आम्ही तीनदा समजावतो, आणि जिथे माणसाने आयुष्यभर जायचे त्या जागेचा पत्ता मात्र सांगत नाही. तुमचे साडेतीन महिने यात्रेच्या जेवणावळीत संपले, यात तुमच्या निश्चयाचा दोष मला फारसा दिसत नाही. त्या दुपारी पाहुण्यांच्या पंगतीतून उठून ज्याला फोन करता आला असता, असा एकही माणूस तुमच्याजवळ नव्हता.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावात शेअर बाजारात काम करणारा एक गृहस्थ आणि एक शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर भेटले. दोघेही दारूने हैराण झालेले होते. पहिल्याने नुकतीच सोडली होती, परगावी एकटा होता, पुन्हा पिण्याची ओढ लागली होती, आणि त्याच्या ध्यानात आले की दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशी मनातले बोललो तर आजचा दिवस निभेल. त्या डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला तो दिवस, १० जून १९३५, हा एएचा स्थापनादिन मानतात. भारतात हे काम १९५७ पासून सुरू आहे. मूळ कल्पना अजून तीच आहे: उपदेश करणारा कोणी नाही, सगळेच एका आजाराचे. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, वर्गणी नाही. शेवटी एक डबा किंवा पिशवी फिरते, तिच्यात ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे, आणि नव्या माणसाने काही टाकू नये असेच जुने लोक सांगतात. जागेचे भाडे आणि चहा त्यातूनच भागतो, कारण बाहेरच्यांची देणगी घ्यायची नाही असा त्यांचा नियम आहे.

बेळगाव शहरात अशा बैठका भरतात. जागा बहुधा शाळेचा वर्ग, चर्चची खोली किंवा एखाद्या संस्थेचे सभागृह अशी असते. चर्चची खोली आहे म्हणून ती ख्रिस्ती लोकांची बैठक ठरत नाही. संध्याकाळी रिकामी आणि स्वस्तात मिळते, एवढेच तिचे कारण असते. पत्ता मिळवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे मानसोपचार विभागातील समुपदेशकाला किंवा समाजसेवकाला थेट विचारणे: ‘बेळगावातल्या एए गटाच्या एखाद्या सभासदाचा नंबर द्याल का?’ बहुतेकांकडे तो असतो, कारण गटाचे लोक दवाखान्यात रुग्णांना भेटायला येत असतात. याशिवाय भारतातील एएचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर गावागावांतील बैठकांची माहिती असते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. पत्ता कुठूनही मिळो, जाण्याच्या आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घ्या. शाळेत परीक्षा असली की बैठक दुसरीकडे हलते, आणि मोठ्या मुश्किलीने तिथवर आलेला माणूस बंद दार पाहून परत फिरला तर पुन्हा यायला त्याला वर्ष लागते. फोन केलात की बहुधा समोरचा म्हणतो, ‘स्टँडवर या, मी घ्यायला येतो.’ तो आला तर संकोच न करता त्याच्याबरोबर जा.

पहिली संध्याकाळ कशी असते, ते मी पाहिले तसे सांगतो. एए च्या काही बैठका खुल्या असतात, तिथे आमच्यासारख्यांनाही बसता येते. मी पहिल्यांदा गेलो ती बैठक एका शाळेत तिसरीच्या वर्गात होती. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बारा-तेरा मोठी माणसे बसली होती. फळ्यावर दुपारचे हातच्याचे गणित तसेच होते, आणि त्याच्या शेजारी खडूने कोणीतरी ‘फक्त आजचा दिवस’ असे लिहून ठेवले होते. आधी सगळे क्षणभर शांत बसले, मग एकाने छापील कागदावरून एएची ओळख वाचली. तो वाचताना प्रत्येक शब्दाखाली बोट सरकवत होता, पुढे कळले की प्रौढपणी इथेच वाचायला शिकला. त्यानंतर एकेकाने नुसते पहिले नाव सांगून ‘मी अल्कोहोलिक आहे’ असे म्हणत आपले अनुभव सांगितले. यालाच ते शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, बोलणे संपल्यावर सगळे ‘थँक यू’ म्हणतात आणि पुढचा बोलू लागतो. तास-दीड तासाने संपते. मागच्या बाकावर त्या दिवशी एक नवीन तरुण आला होता. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, ‘मी आज फक्त ऐकतो,’ आणि कोणाच्या चेहऱ्यावर काहीही फरक पडला नाही. तुम्हीही एवढेच म्हटले तरी पुरे. बैठक संपल्यावर चहाच्या वेळी मात्र निघून जाऊ नका, कारण फोन नंबर तिथेच मिळतात.

ओळखीचा माणूस भेटण्याची भीती जवळजवळ प्रत्येक पत्रात असते आणि तिला हसण्यासारखे काही नाही. आपल्याकडे मुलीचे लग्न ठरवताना घराण्याचा इतिहास तीन गावांत विचारला जातो. पण जरा विचार करा, तो ओळखीचा माणूस त्या खोलीत कशासाठी आलेला असेल? इथे पाहिलेले आणि ऐकलेले इथेच ठेवायचे हा नियम दोघांनाही सारखाच सांभाळायचा असतो, आणि ते कसोशीने सांभाळतात. शिवाय तुमचे पिणे गावाला माहीत नाही, असे तुम्हाला खरेच वाटते का?

माळेविषयी. आपल्या सीमाभागातील गावांत माळ घालून दारू सुटलेली कितीतरी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्या परंपरेबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. मात्र ज्यांची कायमची सुटली त्यांच्याकडे नीट पाहिले, तर बहुतेकांच्या गळ्यातील माळेबरोबर दर एकादशीचे भजन, दिंडीतली जागा आणि हाक मारली की धावून येणारे माळकरी सोबती होते. ज्यांना माळ मिळाली पण सोबती मिळाले नाहीत, त्यांना ती उतरवावी लागली. एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी सभासद ज्या टप्प्यांनी जातात त्यांत, परमेश्वराचा उल्लेख आहे, पण ‘आम्हाला जसा उमगला तसा’ असे तिथेच स्पष्ट म्हटले आहे. तुमचा पांडुरंग तुम्ही बरोबर घेऊन जाऊ शकता, आणि शेजारी बसलेल्या देव न मानणाऱ्यालाही तिथे तेवढीच जागा असते. दोनदा माळ उतरवल्याची लाज मनातून काढून टाका. पुन्हा घालावीशी वाटली तर वर्षभराने, गटातल्या दोघा-तिघांना सांगून घाला.

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले तो मुद्दा. पहिल्या उत्साहात माणूस लांबचा, नावाजलेला, फार चांगला असे ऐकलेला गट शोधतो, दोन आठवडे जातो, आणि तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की थांबतो. गट निवडताना स्वतःला असे विचारा: तिसऱ्या महिन्यात, कामावरून दमून सुटल्यावर, घरी भांडण झालेले असताना, मला इथे पोचता येईल का? तुमच्या बाबतीत त्याचा अर्थ असा, की शिफ्ट सुटल्यावर ज्या बैठकीला जाऊन गावची वस्तीची गाडी गाठता येते तीच तुमची बैठक. तिथले लोक पहिल्या दिवशी आवडले नाहीत तरी चालेल. सुरुवातीला नव्वद दिवसांत नव्वद बैठका कराव्यात असे एएमध्ये सांगतात. खेड्यातून ते होणार नाही, म्हणून आठवड्यात दोन बैठका आणि उरलेल्या दिवशी गटातील एकाला रोज एक फोन, असा बेत ठेवा. फोन प्यावेसे वाटल्यावर करायचा नसतो, तर ठरलेल्या वेळी, बरे चाललेले असतानाही करायचा असतो, म्हणजे वाईट दिवशी बोट आपोआप त्या नंबरावर जाते. काही महिन्यांनी त्यांतलाच एखादा जुना, शांत सभासद तुमचा स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा मोठा भाऊ, होऊ शकेल.

याचा उपयोग खरोखर होतो का, असे तुम्ही विचारले नाही, पण तुमच्या घरचे विचारतील. २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने एए आणि तिच्या बारा पायऱ्यांवर आधारलेल्या उपचारांविषयीच्या २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत एकूण १०,५६५ लोक होते. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, एएशी जोडून देणारे शिस्तशीर उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरतात, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रत्येकाला लागू पडेल असे कोणतेच औषध नसते, पण ही केवळ भाबडी आशा नाही, हे घरच्यांना सांगा.

प्रश्न : आम्ही निपाणीजवळ राहतो. माझे यजमान रोज रात्री पिऊन येतात. मीटिंगचा विषय काढला की ‘मी काय दारुडा आहे काय?’ म्हणून अंगावर येतात. शेजारच्या काकूंनी चहातून द्यायची एक पावडर सांगितली आहे, माणसाला कळतही नाही आणि दारूची शिसारी येते म्हणे. ती द्यावी का? आणि ते येत नसतील तर त्यांच्या वतीने मी मीटिंगला गेले तर चालेल का?

उत्तर : ताई, ती पावडर देऊ नका. न सांगता दिल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत काय असते ते देणाऱ्यालाही माहीत नसते. काही वेळा त्यांत डायसल्फिराम हे औषध असू शकते. ते उपयुक्त औषध आहे, पण घेणाऱ्याच्या संमतीने, तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो, आणि हृदयाचे दुखणे असलेल्या माणसाचा जीवही जाऊ शकतो. औषध थांबवल्यावरही सुमारे दोन आठवडे हा धोका राहतो. ज्याला आपण काय घेतले आहे हेच ठाऊक नाही, तो सावध राहणार कसा? आणि एक दिवस कळले, तर तुमच्या हातचा चहाही तो संशयाने पाहील.

त्यांच्या वतीने तुम्हाला जाता येणार नाही, पण तुमच्या स्वतःच्या वतीने नक्की जाता येईल. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट असतात. १९५१ साली एएच्या एका संस्थापकाच्या पत्नीने आणि तिच्या मैत्रिणीने ते काम सुरू केले, कारण नवरे खोलीत बैठकीला बसलेले असताना बाहेर वाट पाहणाऱ्या बायकांना आपलेही दुःख एकच आहे हे उमगले होते. त्या गटात नवऱ्याला कसे सुधारावे हे शिकवत नाहीत. हे मी घडवून आणलेले नाही, हे माझ्या ताब्यात नाही आणि हे बरे करणे माझ्या हातात नाही, या तीन गोष्टी तिथे पुन्हा पुन्हा बोलल्या जातात. अर्धी रात्र दाराकडे कान लावून बसणाऱ्या बाईला दुसऱ्या तशाच बाईच्या तोंडून हे ऐकू आले की पहिल्यांदा शांत झोप लागते, असे मला अनेकींनी सांगितले आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही, जे १९८६ पासून काम करते आहे, पत्नींना आणि कुटुंबाला उपचाराचा भाग मानतात.

निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर बरेच जवळ पडते. रेशन कार्ड कर्नाटकाचे आहे म्हणून कोल्हापूरच्या गटात कोणी अडवत नाही, या गटांना राज्याची सीमा नसते. तेव्हा आधी कोल्हापूरकडे चौकशी करा. प्रत्येक गावी अल-अ‍ॅनॉन असेलच असे नाही, पण एएच्या खुल्या बैठकीला तुम्हाला जाऊन बसता येईल, आणि तिथे दारू सोडलेल्या माणसाच्या तोंडून तो पीत असताना घरी काय वागला हे ऐकणे तुम्हाला फार काही शिकवून जाईल.

यजमानांशी बोलायचे तर रात्री नको. सकाळी, शुद्धीत असताना, ‘दारुडा’ हा शब्द न वापरता, घडलेली एकच गोष्ट सांगा: ‘परवा तुम्ही गाडीवरून पडलात, मुलगी रडत होती, मला भीती वाटते.’ मग गप्प बसा. मुकादमाला खोटे निरोप पाठवणे, उधारी फेडणे हे हळूहळू थांबवा. आणि ‘अंगावर येतात’ हे शब्द तुम्ही सहज लिहिले असले तरी मी ते सहज वाचले नाहीत. हात उगारला जात असेल तर समजावणे बाजूला ठेवा, मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जा, आणि महिलांसाठीच्या १८१ किंवा तातडीच्या ११२ या क्रमांकावर फोन करा.

कोणीतरी तुम्हाला असेही सुचवील की अमुक केंद्राला पैसे दिले तर ते गाडी घेऊन येतात आणि माणसाला उचलून नेतात. तसे करू नका. व्यसनाचा आजार २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कक्षेत येतो. रुग्णाला साखळीने बांधण्यास त्या कायद्याने बंदी आहे, आणि संमतीशिवाय दाखल करायचे तर त्याची ठरलेली वैद्यकीय पद्धत आहे. हातपाय धरून नेलेला माणूस परत येतो तेव्हा दारूइतकाच घरच्यांवरही चिडलेला असतो.

प्रश्न : मी अथणी तालुक्यातील निवृत्त शिक्षक आहे. माझा मुलगा सात महिन्यांपासून दारूपासून दूर आहे. जवळपास मराठी गट नाही आणि बेळगाव फार लांब पडते. काय करावे?

उत्तर : गुरुजी, सात महिन्यांबद्दल त्याचे आणि तुमचे अभिनंदन. भाषेचा अडसर वाटतो तेवढा मोठा नसतो. तुमच्याकडच्या कोणत्याही बैठकीत कन्नड, मराठी, हिंदी मिसळून बोलले जाते, आणि मुलाने आपले मन मराठीत मोकळे केले तर कन्नड बोलणाऱ्यालाही ते कळते. बाजारात रोज चालते ते तिथेही चालेल. कर्नाटकातील धर्मस्थळ देवस्थानाच्या ग्रामविकास योजनेमार्फत गावोगावी मद्यवर्जन शिबिरे होतात आणि शिबिर संपल्यावर त्या लोकांच्या ‘नवजीवन समिती’ नावाच्या गटांच्या बैठका चालू राहतात. ही पद्धत एएहून वेगळी आहे आणि कारभार मुख्यतः कन्नडमध्ये असतो, पण तालुक्यात त्यांचे कार्यकर्ते असतात, त्यांच्याकडे जरूर चौकशी करा. मिरज आणि सांगलीही तुम्हाला बेळगावपेक्षा जवळ आहेत. फोनवरून होणाऱ्या मराठी बैठकांत त्याला आठवड्यातून दोनदा बसता येईल, पण महिन्यातून एकदा तरी समोरासमोरच्या बैठकीला जाऊ द्या. पडद्यावर माणसाचे हात थरथरताना दिसत नाहीत.

यापलीकडे एक वाट आहे. दारू सोडू पाहणारे दोन-तीन लोक त्याच हेतूने एकत्र बसले तर त्यांनी स्वतःला एएचा गट म्हणवून घ्यावे, असे एएच्या परंपरेतच आहे. तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांना सांगून ठेवा की उपचार घेऊन परतलेला कोणी असला तर त्याला तुमच्या मुलाचा नंबर द्यावा. अर्थात मुलाला विचारून, आणि आधी दूरच्या एखाद्या जुन्या गटाशी त्याचे नाते पक्के झाल्यावर. जागेसाठी तुमच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एक वर्ग मागा, आठवड्यातून एक संध्याकाळ, एकच ठरलेला वार. कुलूप उघडून, दिवा लावून, चहाचे पाणी ठेवायचे काम तुम्ही घ्या आणि बैठक सुरू झाली की बाहेर येऊन बसा. पहिले काही आठवडे मुलगा आत एकटाच असेल. तेव्हाही दिवा ठरलेल्या वेळी लागलेला असू द्या.